शेवटचा एक कुठं गेला?

मागच्या शनिवारी काही लिहिलं नाही, कारण घरी गेलो होतो. घर म्हणजे वारणानगर. पुण्यात हे नाव घेतलं की समोरचा "अच्छा, ते श्रीखंडवालं का?" असं विचारतो, आणि मी "हो, तेच" म्हणून विषय संपवतो. पण आजचं लिखाण श्रीखंडाबद्दल नाही. ते एका आकड्याबद्दल आहे. हा घ्या :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी. एकापासून नऊपर्यंत चढतो आणि तसाच पायरी-पायरीनं खाली उतरतो. उलटा वाचला तरी तोच. लहानपणी पाठ केलेलं "एकं दहं शतं" आठवून वाचायला घेतला तर असा वाचता येतो : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी... आणि मग उतार. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (साल ११५०) अठरा स्थानांची जी यादी आहे ती परार्धावर संपते. आपला आकडा परार्धाच्या एकच घर अलीकडं थांबतो.

हा आकडा मला पहिल्यांदा भेटला आठवीत असताना. आमचे गणिताचे सर तास संपायला पाच-सात मिनिटं उरली की अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी त्यांनी लिहिलं :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नऊ एक गुणिले नऊ एक. फळ्यावर एक छान डोंगर तयार झाला. सर मागं सरकून त्याच्याकडं बघत उभे राहिले. आणि मी, वर्गातला अतिशहाणा, हात वर करून म्हणालो, "सर, पण ह्याचा उपयोग काय?"

वर्ग हसला. सर पण थोडे हसले. म्हणाले, "उपयोग काही नाही रे. बघायला चांगलं वाटतं." आणि त्यांनी फळा पुसला. त्यानंतर वर्षभर शेवटची पाच मिनिटं आम्ही उदाहरणसंग्रहच सोडवला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. परीक्षेत मार्क पडले, विषय संपला.

आता जरा इतिहास. हा डोंगर फळ्यावर चढवणारे आमचे सर पहिले नव्हते. त्यांच्या आधी दुसरे एक मास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. म्हणजे घरात आकडेमोड होतीच. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली विद्यार्थिदशेतच गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. आणि १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठात नोकरी नाही. दिवसा वर्गावर जायचं आणि उरलेल्या वेळात आकडे.

तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल ते बहुतेक ६१७४ मुळं. कुठलेही चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, उत्तरावर परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथंच अडकतो. उदाहरण म्हणून आमच्या गावातलं एक साल घेतो. १९९८ साली केंद्र सरकारनं वारणा परिसरातली सत्तरेक गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प सुरू केला होता. उसाची नोंद, दुधाचा हिशोब, बाजारभाव गावातल्या गावात संगणकावर बघायला मिळावा म्हणून. तर १९९८ :

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीन पायऱ्यांत घरी. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला, आणि त्यावरचा लेख १९५५ ला 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात आला.

पण ६१७४ च्या कितीतरी आधी त्यांना आपला डोंगर दिसला होता. कुठं, ते ऐका. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं. म्हणजे आजचं डोंबिवली! तिथं त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून या संख्यांना त्यांनी नाव दिलं 'डेमलो संख्या'. मोठमोठ्या गणितज्ञांची नावं प्रमेयांना असतात, राजांची नावं शहरांना असतात, आणि या माणसानं संख्यांना लोकलच्या स्टेशनचं नाव दिलं. डोंबिवलीकरांनी आता तरी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

डेमलो संख्या म्हणजे नुसता डोंगर नव्हे. मूळ व्याख्या जास्त साधी आहे. २५५३ बघा. पहिला अंक २, शेवटचा ३, दोघांची बेरीज ५, आणि मधे सगळे पाचच. ४७७७३ : ४ आणि ३ मिळून ७, मधे सात. १७७७७७६ : १ आणि ६ मिळून ७, मधे पुन्हा सात. हे येतं कुठून? १११ × २३ करा, २५५३. ११११ × ४३ करा, ४७७७३. म्हणजे सगळे एक असलेल्या संख्येला दुसऱ्या संख्येनं गुणलं की असे आकडे पडतात. मग सगळे एक असलेल्या संख्येनं तिलाच गुणलं तर? तर डोंगर येतो. या डोंगरांना कापरेकरांनी 'वंडरफुल डेमलो संख्या' म्हटलं. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टूडंट'मधल्या लेखाच्या शीर्षकातच हा शब्द आहे. एखाद्या गंभीर नियतकालिकात आपल्या संख्यांना 'वंडरफुल' म्हणायला धाडस लागतं, किंवा मग मनापासून आनंद व्हावा लागतो. पुढच्या वर्षी गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी डेमलो संख्यांची रीतसर उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली, आणि १९४८ ला देवळालीतून या विषयावर पुस्तकच काढलं.

आता डोंगर का तयार होतो ते बघू. कॅल्क्युलेटर नको, शाळेतला गुणाकार आठवा. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडं सरकवून. मग उभी बेरीज. उजवीकडच्या टोकाच्या रकान्यात एकच एक. पुढच्यात दोन. मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी हजर, म्हणून नऊ. तिथून पुढं ओळी एकेक करून संपत जातात : आठ, सात, सहा... जादू वगैरे काही नाही. प्रत्येक रकान्यात किती जण हजर आहेत त्याची ती हजेरी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठंही हातचा येत नाही.

हातचा आला की मजा संपते. दहा एकांचा वर्ग करा :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडच्या चढावरून आठ गायब! मधल्या रकान्यात दहा जण झाले, शून्य खाली, हातचा एक. त्याच्या डावीकडच्या नवाचे दहा झाले, परत शून्य, परत हातचा. तो आठावर गेला आणि आठाचा नऊ झाला. म्हणून सातानंतर थेट नऊ. आपला सतरा अंकी आकडा म्हणजे हातचा न येता गाठता येणारं शेवटचं शिखर. पूर्णांकांच्या क्रमवार यादीचा जो विश्वकोश इंटरनेटवर आहे, ओईआयएस, त्यात हे डोंगर ए००२४७७ या क्रमांकाखाली आजही 'वंडरफुल डेमलो' याच नावानं नोंदलेले आहेत.

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी बऱ्याच जाती शोधल्या. म्हटलं चला, त्यांचाच आकडा त्यांच्याच बाकीच्या चाचण्यांना लावून बघू. हा उद्योग मी बसमध्ये, कागदावर, केला.

पहिली चाचणी हर्षद. हर्ष देणारी ती हर्षद संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो ती. आपल्या आकड्यात चढाचे ४५ आणि उताराचे ३६, एकूण ८१. आता भागा ८१ नं : १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आकडा हर्षद आहे! कारणही सोपं आहे. नऊ एकांच्या संख्येला ९ नं भाग जातो, उत्तर येतं १२३४५६७९. (बघा, इथंही आठ नाही. १ भागिले ८१ केलं तर दशांशात हेच आकडे शून्य मधे घेऊन फिरत राहतात.) मग तिच्या वर्गाला ८१ नं भाग जाणारच. पण सगळे डोंगर हर्षद नसतात. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भाग जातो, १३६९. पहिल्या नऊ डोंगरांत हर्षद निघतात तीनच : पहिला, तिसरा आणि नववा.

दुसरी चाचणी देवळाली संख्या. हो, राहत्या गावाचंही नाव त्यांनी दिलंच. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ मधे १ आणि २ मिळवले की १५. म्हणजे १२ ही १५ ची जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो. २० घ्या, कुठल्याही संख्येपासून सुरुवात करा, अशा रीतीनं २० येत नाही. या झाल्या देवळाली किंवा स्वयंभू संख्या. आमच्याकडं जोतिबाच्या डोंगरापासून शेताच्या बांधापर्यंत स्वयंभू देवांची कमी नाही, त्यामुळं ही कल्पना मला लगेच पटली. तर आपला आकडा स्वयंभू आहे का? नाही. त्याला जनक आहे, आणि एकच आहे : १२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीज ८१, ती मिळवली की बरोब्बर आपला डोंगर.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, गंमत आहे, पण... तेच ना? उपयोग काय?

हा प्रश्न कापरेकरांनाही आयुष्यभर चिकटला. त्या काळातल्या कित्येक गणितज्ञांच्या लेखी हे सगळं किरकोळ होतं. अंकांची बेरीज, अंकांची अदलाबदल हे दहाच्या पद्धतीवर अवलंबून असतं. पद्धत बदलली की गुणधर्म बदलतात. मग त्यात खोल असं काय? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. कापरेकर मात्र परिषदांना स्वतःच्या खर्चानं जात राहिले, पुस्तिका स्वतःच छापत राहिले. दारुड्याला जशी दारू सुटत नाही तसे मला आकडे, असं ते स्वतःच म्हणायचे. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणत. १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. आणि मग मार्च १९७५ मधे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल लिहिलं. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ ला ते गेले.

बरं, या नादाला आपल्याकडं कापरेकरांच्याही आधीचा इतिहास आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञानं 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्या राष्ट्रकूटांच्या राज्यात आपला हा सगळा मुलूख होता. त्या ग्रंथात गुणाकाराच्या उदाहरणांत एक उत्तर असं येतं की जे एकापासून सहापर्यंत चढतं आणि क्रमानं उतरतं : १२३४५६५४३२१. गुणाकार आहे २७९९४६८१ × ४४१. करून बघा, बरोबर येतो. सहा एकांचा वर्गही हाच. दोन्ही टोकांनी सारख्या दिसणाऱ्या अशा संख्यांना महावीराचार्य गळ्यातल्या कंठ्याची उपमा देतात. १९१२ साली मद्रासहून रंगाचार्यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला म्हणून आपल्याला हे वाचायला मिळतं. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी दख्खनमधे कुणीतरी गुणाकाराचं उदाहरण रचताना उत्तर सुंदर यावं म्हणून मुद्दाम उलट बाजूनं आकडे शोधत बसलं होतं. 'उपयोग काय' हे त्याला कुणी विचारलं की नाही, देव जाणे.

आता मला जे सांगायचंय त्याकडं येतो.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत होतो. नाव जाऊ दे. आमचं काम पैशांच्या व्यवहारांचं. प्रत्येक व्यवहाराला सतरा अंकी क्रमांक. ग्राहकाची तक्रार आली की सपोर्टची मंडळी स्क्रीनवर व्यवहार शोधायची, क्रमांक कॉपी करायची आणि पैसे परत करायच्या खिडकीत टाकायची. एका महिन्यात तीन वेळा पैसे भलत्याच ग्राहकाला गेले. तिन्ही वेळा काम एकाच मुलीनं केलं होतं. नवीन लागलेली, साताऱ्याची, प्रोबेशनवर. ती परत परत सांगत होती की मी स्क्रीनवरचाच क्रमांक घेतला, हातानं एक अंकसुद्धा टाइप केला नाही. मीटिंगमधे कुणी ऐकून घेईना. आमचा कोड दोन वर्षं चालत होता, टेस्ट सगळ्या हिरव्या. मग चूक कुणाची? माणसाची. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

त्या रात्री उगाच मी तिच्या स्क्रीनवरची यादी उघडून बसलो. दोनशे व्यवहार. कोड वाचून वाचून डोळे शिणले होते, म्हणून नुसतेच आकडे बघत होतो. आणि काहीतरी खटकलं. शेवटचा अंक ०, ४, २, ८, ६, २, ०... खाली सरकत गेलो. दोनशेमधे एकही विषम आकडा नव्हता. एकही नाही! दोनशे वेळा नाणं उडवलं आणि दोनशे वेळा छापच पडला, असं होतं का कधी?

तेव्हा मला फळा आठवला. ब्राउझरचा कन्सोल उघडला आणि जावास्क्रिप्टला विचारलं : नऊ एक गुणिले नऊ एक. उत्तर आलं :

१२३४५६७८९८७६५४३२०

शेवटचा एक गेला होता. डोंगराची उतरणीकडची शेवटची पायरीच नव्हती.

इंजिनिअर मंडळींना कारण माहीत असेल. जावास्क्रिप्टचा साधा नंबर म्हणजे १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकातला डबल. त्यात पूर्णांकासाठी ५३ बिट. म्हणजे दोनाचा त्रेपन्नावा घात, ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट राहतो. त्याच्या पुढं, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्या मावतात. विषम आली की शेजारच्या सम संख्येवर बसवली जाते. आमचे व्यवहार क्रमांक वाढत वाढत नेमके त्या हद्दीपलीकडं गेले होते. सर्व्हरवर क्रमांक बरोबर, डेटाबेसमधे बरोबर. स्क्रीनवर येताना शेवटचा अंक बदलत होता, आणि तो बदललेला क्रमांक दुसऱ्याच ग्राहकाचा निघत होता. हा रोग काही नवा नाही. तेव्हाच्या ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, २०१० सालीच याच कारणासाठी ट्वीटचा क्रमांक आकड्यासोबत अक्षरमाला म्हणूनही पाठवायला सुरुवात केली होती. आम्हीही तेच केलं. दुरुस्ती दोन ओळींची.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमधे मी एवढंच केलं : तो एक गुणाकार सगळ्यांसमोर चालवला. सतरा अंकी दुसरा कुठलाही आकडा दाखवला असता तर कुणाला चूक दिसली नसती. हा डोंगर असल्यामुळं शेवटची पायरी नाही हे शेवटच्या बाकावरच्यालाही दिसलं. त्या मुलीचं प्रोबेशन पूर्ण झालं. ती आता टीम सांभाळते.

गेल्या रविवारी हे सगळं अण्णांना (वडिलांना) सांगत होतो. त्यांची सगळी नोकरी उसाच्या वजनकाट्यावर गेली. दोन मिनिटांत त्यांना कळलं. म्हणाले, "काट्याचं पण तसंच असतंय की. उसाचा ट्रक मोजायचा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यानंच सरकतोय. तिथं तू पावशेर साखर ठेवलास तर दिसंल व्हय? मोठं वजन पायजे तर बारकं सोडावं लागतंय. फक्त कुठल्या काट्यावर काय मोजायचं ते माणसाला कळाय पायजे." फ्लोटिंग पॉइंटवर मी इतकी प्रेझेंटेशन्स बघितली आहेत, पण इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सरांकडं गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. "काय रे, पुण्याचा पाहुणा!" चहा झाला. मी लॅपटॉप उघडून ते उत्तर दाखवलं. सरांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ वाकले आणि लगेच म्हणाले, "शेवटचा एक कुठं गेला?"

मग सगळी गोष्ट सांगितली. मीटिंगची, त्या मुलीची. आणि शेवटी आठवीतल्या तासाचीही. म्हटलं, "सर, मी तेव्हा विचारलं होतं, ह्याचा उपयोग काय म्हणून. ते मनात राहिलंय. त्यानंतर तुम्ही फळ्यावर असलं काही लिहिलंच नाही."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्यामुळं नव्हे रे. त्या वर्षी स्कॉलरशिपची घाई होती." खरं की मला बरं वाटावं म्हणून, मला कळलं नाही. पुढं म्हणाले, "आणि हे बघ, आज उपयोग झाला म्हणून ते चांगलं ठरलं, असं नको धरू. नसता झाला तर? आकडा तोच होता की."

मी निघायला उठलो तर त्यांनी थांबवलं. वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं नऊ एक लिहिले, मग त्यापुढं आणखी सहा. "दहा एकांना डोंगर मोडतो, कारण आपण दहानं मोजतो. हातचा येतो. पण रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सोळानं मोजायचोच की आम्ही. सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांचा वर्ग कर. तुमचं मशीन तसंही सोळानंच लिहितं म्हणतात ना? बघ काय येतंय."

रात्रीच्या गाडीत किणी नाक्याच्या पुढं रेंज आल्यावर लॅपटॉप उघडला. यावेळी पायथॉन घेतलं, त्यात पूर्णांक कितीही मोठा मावतो. सोळाच्या पद्धतीत नवाच्या पुढचे अंक ए, बी, सी, डी, ई, एफ असे लिहितात. एंटर मारलं. एकापासून नऊ, तिथून ए ते एफ, आणि एफच्या शिखरावरून परत उतरत एकापर्यंत. एकोणतीस पायऱ्या, एकही मोडलेली नाही. शेवटचा एक जागेवर होता. सरांना लगेच मेसेज टाकला.

सकाळी उत्तर आलं : "आता विसाच्या पद्धतीत."